पाकळ्यांचा हिशेब

मामाच्या बोटीच्या तळाला एक भोक होतं. चुकून पडलेलं नव्हे, मुद्दाम पाडलेलं. दीड इंच रुंद, वर पितळी जाळी बसवलेलं. ते मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सहावीत होतो. जून-जुलैची मासेमारी बंदी होती, हर्णैच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढून झापांनी शाकारल्या होत्या आणि मी कोरड्या सावलीच्या आशेने बोटीच्या पोटाखाली सरपटत गेलो होतो. बाहेर दोन माणसं फळ्यांच्या फटींत कापूस ठासत होती. सुतळीएवढी फटही ती सोडत नव्हती. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर हे भोक, माझी दोन बोटं सहज आत जातील एवढं.

मी धावत जाऊन मामाला सांगितलं. त्याला वाटलं मला विंचू दिसला.

“तिथनं समुद्र आत येतो,” तो म्हणाला.

“मग बोट बुडत नाही?”

“येऊ द्यावाच लागतो त्याला. नाहीतर इंजिन पेटतं.”

पुढे मी तंत्रनिकेतनात मास्तर झालो आणि तीस वर्षं उष्मागतिकी शिकवली. फळ्यावर दोन नळ्या काढायच्या, एकीत गरम पाणी, दुसरीत थंड, बाण उलट दिशांना, आणि खाली ते लांबलचक सूत्र. मुलं उतरवून घ्यायची. डिझेल जाळून निघालेल्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा पंखा फिरवायला लागतो, बाकीची धुरातून आणि पाण्यातून बाहेर काढून टाकावी लागते, हे मी दर वर्षी सांगायचो. इंजिन हे कामापेक्षा तापण्यातच जास्त हुशार असतं, या माझ्या विनोदावर पहिल्या बाकावरची मुलं हसायची. पण शिकवताना दर वेळी डोळ्यांपुढे यायचं ते पुस्तकातलं चित्र नव्हे. यायचा तो बोटीखालचा ओलसर अंधार आणि ती पितळी जाळी.

मामाच्या बोटीतलं इंजिन मुळात ट्रकच्या घराण्यातलं, सहा सिलिंडरचं. त्याचे भाऊबंद मुंबई-गोवा रस्त्यावर कशेडी घाट चढत असतात, आणि चढता चढता तापले की बॉनेट उघडून कडेला उभे राहतात. त्यांना वारा तरी मिळतो. बोटीतल्या इंजिनाला फळ्यांच्या पेटीत बंद करून ठेवलेलं असतं, वाऱ्याशी त्याची गाठ नाही. म्हणून त्याला समुद्र पाजायचा. पण थेट नाही. इंजिनाच्या अंगात फिरतं ते गोडं पाणी, कूलंट घातलेलं, कायम तेच. खारं पाणी तळातून येतं, जाळीतून गाळलं जातं, पंप ते ओढून कूलरमध्ये ढकलतो. तिथे पातळ नळ्यांच्या जुडग्यातून ते जातं आणि नळ्यांच्या बाहेरून गोडं पाणी वाहतं. मधे फक्त पत्र्याएवढी भिंत. एकाची आग दुसरा घेतो आणि बाजूच्या पाइपातून परत समुद्रात पडतो. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. शिवलेच तर ते इंजिन भंगारात.

इंग्रजी पुस्तकं या बाहेरच्या पाण्याला ‘रॉ वॉटर’ म्हणतात. मी वर्गात ‘कच्चं पाणी’ असा तर्जुमा करून पाहिला होता. किनाऱ्यावरच्या एका मुलाने मागून दुरुस्त केलं, “सर, खारं.” त्यानंतर मी खारं आणि गोडं असंच शिकवलं.

मी सांगतोय तो दिवस 2012 च्या ऑक्टोबरमधला. दिवाळीची सुट्टी लागायची होती, पण मी रजा टाकून आलो होतो आणि मामाबरोबर बोटीवर गेलो होतो. मामा तेव्हा साठीला आलेला. मालक तोच, तांडेल तोच, आणि ड्रायव्हर आदल्या आठवड्यात सोडून गेल्यामुळे ड्रायव्हरही तोच. सोबत चार खलाशी. कोळंबी बेताची होती, पण म्हाकूळ बरी लागली होती. दुपारी जाळं ओढून आम्ही परत निघालो. संध्याकाळच्या लिलावाला पोचायचं तर घाई करायला हवी होती. सुवर्णदुर्गाची रेघ अजून क्षितिजावर उमटलेलीही नव्हती.

मी केबिनमध्ये काट्याकडे बघत उभा होतो. मास्तरची सवय. काटा ऐंशीवर होता. मामाने काट्याकडे पाहिलंच नाही. त्याने मान जराशी तिरकी केली, देवळात लांबून घंटा ऐकू आल्यावर करतात तशी, आणि रेस कमी केली.

“धार बारीक झाली,” तो म्हणाला.

मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. इंजिनाचा एवढा धडधडाट, त्यात बाजूच्या पाइपातून समुद्रावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज तो कसा वेगळा काढत होता कोण जाणे. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. एरवी मनगटाएवढी पडणारी धार करंगळीएवढी झाली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. परत येऊन बघतो तर काटा आता कुठे हलायला लागला होता, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. काटा खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतो. पाणी थांबलं तरी लोखंडाला तापायला वेळ लागतो, आणि लोखंड तापल्यावर काट्याला कळतं. धार आधी सांगते.

मामाने इंजिन लगेच बंद केलं नाही. भार काढून ते मिनिटभर हळू चालू ठेवलं, मग थांबवलं. नांगर टाकला. आणि सगळीकडे जी शांतता झाली ती मला आवडली नाही. इंजिन बंद झालेल्या बोटीवर समुद्र एकदम जवळ आल्यासारखा वाटतो.

एका पोरसवदा खलाशाने बादलीभर पाणी आणलं, इंजिनावर ओतायला. मामा त्याच्यावर असा ओरडला की बादली तिथेच सांडली. तापलेल्या बीडावर गार पाणी म्हणजे चुलीवरच्या मडक्यावर पाणी, तडा गेलाच. गोड्या पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. आत दाबाखाली तापलेलं पाणी असतं, झाकण उघडलं की ते तोंडावर येतं. या दोन्ही गोष्टी मी वर्गात शिकवलेल्या आहेत, पण तेवढ्या आवाजात नाही.

मग आम्ही पाण्याच्या मागे निघालो. दोष शोधण्याची मामाची एकच रीत होती. पाणी जिथून येतं तिथून सुरुवात करायची आणि ते जिथून जातं तिथेपर्यंत त्याच्या बरोबर चालायचं, मधली एकही पायरी गाळायची नाही. माझ्या मनात शक्यतांची उतरंड होती, कशाची संभाव्यता किती वगैरे. त्याच्या मनात वाट होती.

तळाच्या भोकावरची झडप, म्हणजे सी-कॉक, बंद केला, जाळीचा डबा उघडला. आत शेवाळाचे तंतू, दुधाच्या पिशवीचा तुकडा, गुटख्याची एक अख्खी पुडी आणि नखाएवढा एक खेकडा. खेकडा जिवंत होता आणि चिडलेला होता. सगळे हसले. मलाही हायसं वाटलं, गुन्हेगार सापडला होता. जाळी धुतली, झाकणाखालचं रबर नीट बसवलं. ते नीट बसलं नाही तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढतो. इंजिन सुरू केलं. धार सुधारली, मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी झाली. पाच मिनिटांनी काटा पुन्हा चढू लागला.

इथे बरीच माणसं आणखी थोडं पुढे रेटतात. हळू हळू जाऊ, किनारा गाठू, मग बघू. मीही तेच सुचवलं. मामाने उत्तर दिलं नाही. इंजिन बंद केलं, कॉक पुन्हा बंद केला आणि पंपाकडे जाणारा होज सोडवला, त्याचं तोंड वर धरलं आणि मला म्हणाला, “कॉक उघड. हळू.”

मी दांडा फिरवला आणि समुद्र आत आला. बोटीच्या पोटात, आमच्या गुडघ्यांशी, होजच्या तोंडातून हिरवट पाण्याचा उमाळा फुटला, झऱ्यासारखा. आम्ही पाण्याच्या पातळीच्या खाली बसलो होतो, म्हणून त्याला ढकलायला पंपाची गरज नव्हती. तो नुसता वाट मिळण्याची वाट बघत होता. मला सहावीतला मी आठवलो. “बास,” मामा म्हणाला. “इथवर येतोय.” म्हणजे तळातलं भोक मोकळं होतं. दोष पुढे होता.

पंपाच्या चकतीला सहा स्क्रू. ते काढताना मामाने प्रत्येक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला, प्रसाद देतात तसा, कारण बोटीत खाली पडलेला स्क्रू तळाशी साचलेल्या बिल्जच्या काळ्या पाण्यात जातो आणि पुन्हा सापडत नाही. आत इम्पेलर. रबराचं फूल म्हणा हवं तर, दहा पाकळ्यांचं. पंपाचं घर पूर्ण गोल नसतं, एका बाजूला त्याची भिंत आत आलेली असते. फिरताना पाकळी त्या भिंतीशी वाकते, पुढे सरळ होते, आणि या वाकण्या-सरळ होण्यातच पाणी ओढलं जातं आणि पुढे ढकललं जातं. त्या पाकळीला वंगण पाण्याचंच. पाणी थांबलं तर रबर कोरडं घासतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत करपून तुटतं. आमची गुटख्याची पुडी हे करून गेली होती. दहातल्या आठ पाकळ्या होत्या. दोन मुळातून तुटलेल्या.

नवा इम्पेलर होता. मामाकडे तो नेहमी असायचा, गोधडीखाली, काडेपेट्यांच्या शेजारी. त्याला साबणाचं पाणी लावलं, पाकळ्या फिरण्याच्या दिशेला दाबत आत बसवला. चकतीखालचा कागद फाटला होता. केबिनच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते, तिथीसाठी. तिथीला पाऊण पटीने गुणलं की भरतीची वेळ येते, हे गणित इथे शाळेआधी शिकतात. तिचं सप्टेंबरचं पान मामाने काढून घेतलं. चालू महिन्याला त्याने हात लावला नाही. कातरीने गोल कापला, ग्रीस चोपडलं. कागद जाड असता तर पाकळी आणि चकतीत फट राहून पंपाची ओढ गेली असती. हे मी सांगण्याआधीच तो कागदाची जाडी चिमटीत जोखत होता.

“चला, सुरू करू,” मी म्हणालो. साडेतीन वाजले होते. खणातला बर्फ पाणी होत होता.

“दोन पाकळ्या कुठायत?”

“पुढे गेल्या असतील.”

“पुढे म्हणजे कुठं, मास्तर?”

मला उत्तर माहीत होतं, फळ्यावर मी ते हजार वेळा काढलं होतं. पुढे गिअर बॉक्सच्या तेलाचा छोटा कूलर, त्याच्या पुढे मोठा कूलर, त्यात बोटाएवढ्या नळ्यांचं जुडगं. तुटलेली पाकळी पाण्याबरोबर जाते आणि त्या नळ्यांच्या तोंडावर जाऊन बसते. पण इंजिन पाण्याशिवाय चाललेलं नव्हतं, धार अगदीच बंद नव्हती, नवा इम्पेलर बसला होता. जरा कमी रेसवर नक्की गेलो असतो. मी तसं म्हणालो. खलाशांपैकी दोघांनी मान डोलवली, त्यांना लिलाव दिसत होता.

“मिळाल्याशिवाय नाही,” मामा म्हणाला.

छोट्या कूलरच्या तोंडाशी एक पाकळी मिळाली. मोठ्या कूलरचं झाकण निघायला अर्धा तास गेला, बोल्ट गंजून बसले होते. झाकणाच्या शेजारी जस्ताची कांडी असते, बदलायची, पेन्सिलीएवढी. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र बुडाले की त्यांतला एक झिजतो. तांबं-पितळ झिजण्यापेक्षा जस्त झिजलेलं परवडतं, म्हणून ते मुद्दाम पुढे करायचं. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ही युक्ती ब्रिटिश आरमाराला सुचवली, जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला. पत्रा वाचला. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच शिंपले त्यापासून लांब राहत होते. ते विष थांबल्यावर तळांना शिंपल्यांचं जंगल चिकटलं आणि जहाजं मंदावली. डेव्हीची मला दया येते. त्याचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न मात्र एकटा नव्हता. आमची कांडी अर्धी झिजली होती, म्हणजे ती तिचं काम करत होती. मामा ती दर वर्षी नेमाने बदलायचा.

झाकण निघालं. आत नळ्यांची तोंडं, मधमाशीच्या पोळ्यासारखी, त्यांतली बरीचशी पांढुरक्या खरेने अरुंद झालेली. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, समुद्रातल्या चुन्याचा स्वभाव मात्र उलटा, तापलं की तो पाणी सोडून भिंतीला चिकटतो. पाणी जितकं हळू, तितकं ते जास्त तापतं, तितकी खर जास्त, आणि खर जितकी जास्त तितकं पाणी हळू. पोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात काळं काहीतरी आडवं बसलेलं होतं. मामाने चिमट्याने ते काढलं. दुसरी पाकळी. हिशेब पूर्ण झाला.

चिमटा पुन्हा आत गेला. तिसरी निघाली. मग चौथी.

मी चारही पाकळ्या फडक्यावर ओळीने मांडल्या. पहिल्या दोन मऊ, काळ्याभोर, तुटलेली कड ताजी. दुसऱ्या दोन कडक, वाकवल्या तर चिरणाऱ्या, अंगावर खरेचा पांढरा थर. रबराची जातही वेगळी दिसत होती. मी म्हणालो, “या आधीच्या ड्रायव्हरच्या असणार. बदलून मोकळा झाला, शोधल्या नाहीत.” मास्तरला दोष कुणाचा हे ठरवल्याशिवाय चैन पडत नाही.

मामा त्या दोन पाकळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “फयानच्या आहेत.”

फयान म्हणजे 2009 च्या नोव्हेंबरमधलं वादळ. 11 तारखेला ते कोकणावरून मुंबईच्या अंगाने किनाऱ्यावर आलं, आणि मासेमारीला गेलेल्या काही बोटी परत आल्याच नाहीत. मामाची आली होती. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल एवढंच माहीत होतं की तो जयगडच्या खाडीत शिरला आणि दोन दिवसांनी घरी फोन केला. बाकी त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं की तो जेवायला बसायचा.

आता त्याने कूलरकडे बघत, नळ्यांत हीर घालता घालता सांगितलं. झावळीचा हीर तो घरूनच आणत असे, खराट्यातले जाड हीर वेचून. लोखंडी तार नळीला ओरखडा काढते, हीर काढत नाही. एकेक नळी, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि प्रत्येक नळीबरोबर एखादं वाक्य. जयगड तासाभरावर होतं. इम्पेलर गेला. बॅटरी दातांत धरली होती. बोट अशी लोळत होती की स्क्रू काढताना दोनदा डोकं आपटलं. चार स्क्रू लावले, दोन गेले. पाकळ्या मोजायचं मनात आलं होतं. “आलं होतं,” तो पुन्हा म्हणाला. “पण बोट वाचली तेव्हा पाकळ्या कोण मोजतो?”

त्यानंतर तीन वर्षं त्या दोन पाकळ्या तिथे बसून होत्या. त्यांच्या आडोशाला खर जमत गेली, नळ्या एकेक करून बुजत गेल्या, आणि इंजिनाच्या अंगात पुरेशी सवड होती म्हणून काटा ऐंशीवर राहिला. दर वर्षी जस्ताची कांडी बदलताना मामाचा हात त्यांच्यापासून बोटभर अंतरावर येऊन परत गेला होता. आज गुटख्याची एक पुडी आली, जुन्या पाकळ्यांत दोन नव्यांची भर पडली, आणि सवड संपली.

मी काही बोललो नाही. खलाशीही बोलले नाहीत. त्या पोरसवदा मुलाने गुपचूप खराट्यातला एक हीर घेतला आणि वरच्या बाजूच्या नळ्या साफ करायला लागला.

सगळं परत बसवून इंजिन सुरू केलं तेव्हा ऊन उतरलं होतं. धार मनगटाएवढी पडली. मामाने कठड्यावरून ओणवं होऊन तिच्याखाली हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. ती कोमट लागायला हवी. फार गार म्हणजे पाणी उष्णता न घेताच निघून चाललंय, फार गरम म्हणजे कमी पडतंय. मीही हात धरला. जखम धुवायला आई पाणी करायची, तेवढी कोमट होती.

भांगाची भरती सहाच्या सुमाराला होती, पाणी अजून चढत होतं, त्यामुळे बोट लावायला त्रास झाला नाही. लिलाव मात्र संपला होता. वाळूवर बर्फाचे चुरे, माशांची खवलं आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. एक व्यापारी सामान आवरत होता, त्याने म्हाकूळ पडत्या भावाने उचलली, आणि त्याला ते आवडलंय हे लपवण्याची तसदीही घेतली नाही.

चारही पाकळ्या मामाने समुद्रात टाकल्या नाहीत. “दुसऱ्याच्या जाळीत जातील,” म्हणाला आणि खिशात घातल्या.

रात्री जेवणं झाल्यावर तो त्याची वही घेऊन बसला. शाळेची दोनशे पानी, रेघांची, डिझेल-बर्फाच्या हिशेबाची. मी चष्मा लावून शेजारी बसलो होतो. डिझेल लिहिलं, बर्फ लिहिला, चौघांच्या खर्चीचे पैसे, म्हाकूळ किती आणि कशी गेली. मग पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिला, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्याच्या पुढे त्याने लिहिलं: पाकळ्या. गेल्या 2, मिळाल्या 4.